पाळी जाण्याआधीची वर्षे आणि हार्मोनचे उपचार : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

पाळी कायमची थांबण्याच्या आधीच्या काही वर्षांत शरीरात जे बदल होतात, त्यांविषयी या सदराकडे सातत्याने पत्रे येत असतात, आणि बहुतेक पत्रांच्या मुळाशी एकच प्रश्न असतो : बाहेरून हार्मोन घ्यावे, की त्रास आपोआप संपण्याची वाट पाहावी? या अंकातील सदर त्याच प्रश्नासाठी राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून लेखिकांची ओळख पटेल असा तपशील वगळला आहे. येथील उत्तरे आपल्या डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वाचावीत. औषध आणि त्याची मात्रा ठरवण्याचे काम तुमची प्रत्यक्ष तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचेच आहे.

प्रश्न : माझे वय ४६ आहे. वर्षभरापासून पाळी कधी २२ दिवसांनी, तर कधी ५० दिवसांनी येते. पाळीच्या आधीचे काही दिवस रात्री घामाने कपडे भिजतात, पहाटे जाग आली की पुन्हा डोळा लागत नाही आणि दिवसा साध्या कारणाने रडू कोसळते. ओळखीच्या माणसांची नावे ऐनवेळी आठवत नाहीत. हार्मोनच्या रक्ततपासण्या केल्या, त्या ‘नॉर्मल’ आल्या आणि हे सारे मानसिक ताणामुळे आहे असे मला सांगण्यात आले. अहवाल नॉर्मल असताना हार्मोनचा उपचार घेता येतो का?

उत्तर : तुमचा त्रास खरा आहे आणि त्याचे निदान करण्यासाठी तुम्ही लिहिलेल्या या चार ओळी पुरेशा आहेत. चाळिशी उलटलेल्या स्त्रीच्या लागोपाठच्या पाळ्यांमधील अंतर सात किंवा त्याहून अधिक दिवसांनी मागेपुढे होऊ लागले, की रजोनिवृत्तीकडे नेणारा टप्पा सुरू झाला असे मानले जाते. साठ किंवा त्याहून अधिक दिवस पाळी न येण्याचे प्रसंग घडू लागले, की त्या टप्प्याचा उत्तरार्ध सुरू होतो. सलग बारा महिने पाळी आली नाही, तरच रजोनिवृत्ती झाली असे म्हणता येते.

या काळात इस्ट्रोजेन हे बीजकोशात तयार होणारे स्त्री-हार्मोन हळूहळू आणि एका गतीने कमी होत जाते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तसे घडत नाही. बीजकोशातील बीजांडांचा साठा घटला, की पिट्युटरी ग्रंथी एफएसएच हे हार्मोन अधिक प्रमाणात सोडून बीजकोशाला जोराने चेतवते, आणि त्यामुळे काही महिन्यांत इस्ट्रोजेन तरुणपणी असायचे त्याहूनही वर चढते व मग थोड्याच दिवसांत कोसळते. शिवाय ज्या महिन्यात बीजांड बाहेर पडत नाही, त्या महिन्यात प्रोजेस्टेरॉन हे बीजकोशाचे दुसरे हार्मोन जवळजवळ तयारच होत नाही. स्तन जड होऊन दुखणे आणि अंगावरून जास्त जाणे यांचा संबंध चढलेल्या इस्ट्रोजेनशी असतो, तर घाम आणि गरम वाफा (अंगात एकाएकी उसळणारी उष्णता) यांचा त्याच्या घसरण्याशी. म्हणूनच एकाच स्त्रीला एकाच महिन्यात दोन्ही भोगावे लागतात. रक्त ज्या दिवशी काढले त्या दिवशी पातळी किती होती, एवढेच अहवाल सांगतो. पुढच्या आठवड्यात तीच तपासणी केली, तर वेगळाच आकडा येऊ शकतो. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांत, ४५ वर्षांवरील एरवी निरोगी असलेल्या स्त्रीच्या बाबतीत हे निदान लक्षणांवरून आणि पाळीच्या अनियमिततेवरून, प्रयोगशाळेतील तपासणीविना करावे, असे म्हटले आहे. तेव्हा अहवाल नॉर्मल आला म्हणून उपचार नाकारण्याचे कारण नाही, आणि उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला रक्तातील हार्मोन मोजत बसण्याचेही कारण नाही. थायरॉइड, हिमोग्लोबिन, शरीरातील लोहाचा साठा आणि रक्तातील साखर या तपासण्या मात्र जरूर करून घ्याव्यात, कारण यांतील बिघाडामुळेही थकवा, घाम, धडधड आणि निरुत्साह जाणवतो. पाळी लांबली असेल, तर गरोदरपणाची चाचणीही करावी. या वयात ती शक्यता कमी असली तरी संपलेली नसते.

गरम वाफा का येतात, हे आता बऱ्यापैकी उलगडले आहे. शरीराचे तापमान सांभाळणाऱ्या मेंदूतील हायपोथॅलॅमस या भागात काही मज्जापेशी अशा असतात, की इस्ट्रोजेनचा आवर कमी झाला की त्या अतिक्रियाशील होतात. मग तापमानातील अगदी किरकोळ वाढही शरीराला असह्य वाटते, त्वचेकडील रक्तवाहिन्या एकदम फुलतात आणि घाम फुटतो. याचा मनाच्या कणखरपणाशी काही संबंध नाही, हे घरच्या मंडळींनाही सांगावे.

या वाफा आणि रात्रीचा घाम यांवर इस्ट्रोजेनइतके परिणामकारक औषध आजही दुसरे नाही. अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता, निरौषध गोळीच्या तुलनेत हार्मोनमुळे वाफांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. निरौषध गोळी घेणाऱ्या स्त्रियांतही काळाच्या ओघात वाफा निम्म्याहून कमी झाल्या होत्या, ही गोष्टही लक्षात ठेवावी. त्रास सौम्य असेल तर काही महिने थांबून पाहणे हा समंजस निर्णय ठरू शकतो. मात्र तुमच्या पत्रातील त्रास सौम्य नाही. अमेरिकेत हजारो स्त्रियांची वर्षानुवर्षे माहिती घेणाऱ्या ‘स्वॉन’ या अभ्यासात, वारंवार वाफा येणाऱ्या स्त्रियांना त्या निम्म्याहून अधिक प्रकरणांत सात वर्षांपेक्षा जास्त काळ छळत राहिल्याचे आढळले, आणि पाळी चालू असतानाच ज्यांचा त्रास सुरू झाला, त्यांचा काळ त्याहून लांबला. ‘थोडे दिवस सोसा’ हा सल्ला देणाऱ्यांनी हे आकडे पाहायला हवेत असे मला मनापासून वाटते.

हार्मोनकडून काय अपेक्षा ठेवावी, हेही स्पष्ट असावे. घाम आणि झोपमोड यांत फरक सहसा काही आठवड्यांत जाणवू लागतो. पूर्ण परिणाम पाहण्यासाठी तीन महिने द्यावेत. झोप सुधारली की मनाची चिडचिड आणि विसराळूपणा बहुतेकींचा कमी होतो, परंतु स्मरणशक्ती वाढवण्याचे औषध म्हणून हार्मोन घेऊ नयेत, तसा पुरावा नाही. मन सतत खिन्न राहत असेल किंवा जगण्यात रस उरला नाही असे वाटत असेल, तर त्यासाठी मानसोपचार स्वतंत्रपणे आणि विनाविलंब घ्यावेत. तुमचे बीजकोश अजून स्वतः हार्मोन तयार करीत आहेत, त्यामुळे बाहेरून दिलेल्या मात्रेत सुरुवातीच्या महिन्यांत फेरबदल करावे लागतील. म्हणून औषध लागू पडत नाही असा निष्कर्ष घाईने काढू नये.

प्रश्न : माझे वय ४९. डॉक्टरांनी इस्ट्रोजेनचा पॅच आणि रात्री घ्यायची प्रोजेस्टेरॉनची कॅप्सूल लिहून दिली आहे. औषधे आणून ठेवली, पण लावण्याचा धीर होत नाही. माझ्या नणंदबाई म्हणतात की या औषधांनी स्तनाचा कर्करोग होतो, हे अमेरिकेत सिद्ध झालेले आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्या नणंदबाईंची भीती निराधार नाही, पण ज्या अभ्यासातून ती पसरली त्याची पुरती हकिगत त्यांच्यापर्यंत पोहोचलेली दिसत नाही. ती येथे थोडी विस्ताराने सांगतो, कारण तुमचा निर्णय तिच्यावरच अवलंबून आहे.

रजोनिवृत्तीसाठी इस्ट्रोजेन १९४०च्या दशकापासून वापरात आहे. सुरुवातीची तीन दशके ते एकटेच दिले जाई. १९७५ मध्ये असे सिद्ध झाले, की गर्भाशय असलेल्या स्त्रीला केवळ इस्ट्रोजेन दिले, तर गर्भाशयाचे अस्तर वाढत जाऊन तेथे कर्करोग होण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. त्यावर उपाय सापडला तो प्रोजेस्टेरॉनचा. ते सोबत दिले की अस्तर आटोक्यात राहते. तुम्हाला दिलेली कॅप्सूल त्यासाठीच आहे, आणि पॅचने बरे वाटू लागले म्हणून कॅप्सूल बंद करण्याची चूक कृपा करून कधीही करू नये. ज्यांची पिशवी शस्त्रक्रियेने काढलेली आहे, त्यांना सहसा प्रोजेस्टेरॉनची गरज नसते.

पुढे अमेरिकेत ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ या नावाची प्रचंड मोठी चाचणी झाली. तिच्या एका गटात १६,६०८ स्त्रिया होत्या. त्यांतील काहींना घोडीच्या मूत्रापासून मिळवलेले इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम हार्मोन एकत्र गोळीतून दिले गेले, तर उरलेल्यांना निरौषध गोळी. जुलै २००२ मध्ये, सरासरी ५.२ वर्षांनंतर, चाचणीचा हा भाग मुदतीआधी थांबवण्यात आला. स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण निरौषध गटात दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ३० होते, ते औषध घेणाऱ्या गटात ३८ झाले. म्हणजे दहा हजारांमागे वर्षाला आठ रुग्ण अधिक. पक्षाघात आणि फुप्फुसातील रक्ताच्या गुठळ्या यांतही जवळपास एवढीच वाढ दिसली. आतड्याचा कर्करोग आणि खुब्याचे हाड मोडणे यांत घट झाली. वर्तमानपत्रांत मात्र ‘धोका २६ टक्क्यांनी वाढला’ असा मथळा झाला, आणि दहा हजारांत आठ ही बाब वाचकांच्या नजरेतून निसटली. जगभरात लाखो स्त्रियांनी एका रात्रीत औषध सोडले.

त्या चाचणीतील स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते. बहुतेकींची पाळी जाऊन दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटला होता, आणि वाफांचा त्रास कमी करणे हा चाचणीचा हेतूच नव्हता. हृदयविकार टळतो का, हे तिला पाहायचे होते. तुमची पाळी अजून गेलेली नाही. पन्नाशीच्या आसपास उपचार सुरू करणाऱ्या स्त्रीच्या रक्तवाहिन्यांची स्थिती आणि पासष्टीत सुरू करणाऱ्या स्त्रीची स्थिती यांत फार फरक असतो. पुढील विश्लेषणांत हाच फरक ठळकपणे दिसून आला, आणि आज या विषयातील प्रमुख वैद्यकीय संघटनांचे मत असे आहे, की साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत उपचार सुरू करणाऱ्या, इतर मनाई नसलेल्या स्त्रीला त्रास होत असेल, तर बहुधा लाभाचे पारडे जड राहते. ज्या स्त्रियांची पिशवी काढलेली होती आणि ज्यांना केवळ इस्ट्रोजेन मिळाले, त्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. दीर्घकालीन पाहणीत तर तो कमी आढळला. सुमारे १८ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर हार्मोन घेतलेल्या आणि न घेतलेल्या स्त्रियांच्या एकूण मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांच्या वेष्टनावरील हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंश यांविषयीचा चौकटीतील ठळक इशारा काढण्याचे जाहीर केले. गर्भाशय असताना केवळ इस्ट्रोजेन घेण्याबाबतचा इशारा मात्र कायम ठेवला.

तरीही धोका शून्य आहे, असे मी म्हणणार नाही. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन एकत्र घेतल्यास स्तनाच्या कर्करोगाची शक्यता थोडी वाढते आणि ती वर्षांच्या संख्येबरोबर वाढत जाते. शरीरात तयार होणाऱ्या प्रोजेस्टेरॉनशी तंतोतंत जुळणारे सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन, म्हणजे बहुधा तुमच्या कॅप्सुलीतील औषध, जुन्या कृत्रिम प्रकारांपेक्षा या बाबतीत सौम्य असावे असे निरीक्षणात्मक अभ्यास सुचवतात. गोळीऐवजी पॅच किंवा जेल देण्यामागेही विचार आहे : पोटातून घेतलेले इस्ट्रोजेन आधी यकृतात जाते आणि तेथे रक्त गोठवणारी द्रव्ये वाढवते, तर त्वचेतून शोषले जाणारे इस्ट्रोजेन थेट रक्तात मिसळते, त्यामुळे नेहमीच्या मात्रेत त्याने गुठळ्यांचा धोका वाढल्याचे दिसत नाही. वजन जास्त असलेल्या, रक्तदाब असलेल्या किंवा अर्धशिशीचा त्रास असलेल्या स्त्रियांसाठी म्हणूनच त्वचेचा मार्ग पसंत केला जातो.

आता मनाई कोणाला, ते पाहू. स्तनाचा किंवा इस्ट्रोजेनवर पोसला जाणारा इतर कर्करोग होऊन गेला असेल, पायात वा फुप्फुसात गुठळी झालेली असेल, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात येऊन गेला असेल, यकृताचा आजार चालू असेल, किंवा योनिमार्गातून होणाऱ्या रक्तस्रावाचे कारण कळलेले नसेल, तर हा उपचार सहसा देत नाहीत, किंवा तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच विचारात घेतात. यांतील काही तुमच्या बाबतीत असेल आणि डॉक्टरांना सांगायचे राहिले असेल, तर औषध सुरू करण्याआधी ते सांगा. आई किंवा बहिणीला स्तनाचा कर्करोग झाला असेल, तर तेही सांगा. तेवढ्यावरून उपचार नाकारला जातोच असे नाही, पण विचार अधिक बारकाईने करावा लागतो.

वापराविषयी थोडेसे. पॅच कमरेखाली, नितंबावर किंवा पोटाच्या खालच्या भागावर, कोरड्या त्वचेवर लावतात, दर वेळी जागा बदलतात आणि बहुतेक प्रकार आठवड्यातून दोनदा बदलायचे असतात. स्तनांवर तो कधीही लावू नये. प्रोजेस्टेरॉनने गुंगी येते, म्हणून ते झोपताना घ्यायचे. ज्यांची झोप उडाली आहे त्यांना हा दुष्परिणाम उपकारकच ठरतो. काही कॅप्सुलांत शेंगदाण्याचे तेल असते, त्याची अ‍ॅलर्जी असल्यास वेष्टन वाचून घ्यावे. पाळी अजून चालू असलेल्या स्त्रीला प्रोजेस्टेरॉन सहसा महिन्यातून १२ ते १४ दिवस देतात, म्हणजे ते थांबल्यावर पाळीसारखा स्राव ठरलेल्या सुमारास होतो. रोज घेण्याची पद्धत पाळी पूर्ण थांबल्यावर अधिक योग्य असते. त्याआधी ती सुरू केली तर वेळी-अवेळी रक्त जात राहते आणि विनाकारण घबराट होते. पहिले तीन ते सहा महिने थोडेफार अनियमित डाग पडणे अपेक्षित आहे. त्यानंतरही ते चालू राहिले, किंवा थांबून पुन्हा सुरू झाले, तर सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची तपासणी करून घ्यावी.

किती वर्षे घ्यायचे, याला ठराविक मर्यादा नाही. वर्षातून एकदा डॉक्टरांबरोबर बसून रक्तदाब, स्तनांची तपासणी, त्रासाचे स्वरूप आणि पुढे चालू ठेवण्याची गरज यांचा आढावा घ्यावा. माझे मत विचाराल, तर तुमच्या डॉक्टरांनी निवडलेले औषध विचारपूर्वक निवडलेले दिसते. वर सांगितलेली मनाई तुम्हाला लागू नसेल, तर तीन महिने ते घेऊन पाहावे आणि मग पुढचे ठरवावे. आज पॅच लावला म्हणून तो आयुष्यभर लावावाच लागतो असे नाही.

प्रश्न : वय ४७. हार्मोनचा उपचार चालू असताना गर्भनिरोधकाची गरज उरते का? मला अलीकडे अंगावरून खूप जाते, म्हणून डॉक्टर गर्भाशयात बसवायचे हार्मोनचे साधन सुचवीत आहेत.

उत्तर : गरज उरते. रजोनिवृत्तीच्या उपचारातील मात्रा बीजांड बाहेर पडणे थांबवण्याइतकी नसते. शेवटची पाळी पन्नाशीच्या आत आली असेल तर त्यानंतर दोन वर्षे, आणि पन्नाशीनंतर आली असेल तर एक वर्ष गर्भनिरोधक वापरावे, असा सर्वमान्य नियम आहे.

डॉक्टरांनी सुचवलेले साधन तुमच्यासाठी फार सोयीचे आहे. त्यातून लेव्होनॉर्जेस्ट्रेल हे हार्मोन गर्भाशयातच थोडे थोडे पाझरत राहते, त्याने रक्तस्राव बराच कमी होतो, गर्भधारणा टळते, आणि पुढे इस्ट्रोजेनचा पॅच किंवा जेल लागलेच तर अस्तराचे रक्षणही तेच करते. मग वेगळी कॅप्सूल घ्यावी लागत नाही. मात्र ५२ मिलिग्रॅमचे साधन आहे ना, हे विचारून घ्या, कारण कमी मात्रेची साधने अस्तराच्या रक्षणासाठी प्रमाणित नाहीत. साधन बसवण्याआधी एवढे रक्त का जाते, याचे कारण शोधले गेले पाहिजे. पंचेचाळिशीनंतर अंगावरून फार जाणे हे ‘या वयात चालायचेच’ म्हणून सोडून देण्यासारखे लक्षण नाही; गाठी, पॉलिप आणि अस्तरातील बदल तपासूनच उपचार ठरवावा. निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या स्त्रीला पन्नाशीपर्यंत कमी मात्रेची गर्भनिरोधक गोळीही देता येते आणि ती वाफांवरही उपयोगी पडते, पण रक्तदाब असेल किंवा डोळ्यांपुढे चमकणाऱ्या रेषा दिसून मग अर्धशिशी उठत असेल, तर ती घेऊ नये.

प्रश्न : मला डॉक्टरी हार्मोन नकोत. रताळ्यासारख्या एका जंगली कंदापासून केलेले ‘नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन’ मलम आणि लाळेच्या तपासणीनुसार खास माझ्यासाठी बनवलेले ‘बायोआयडेंटिकल’ हार्मोन, यांची जाहिरात मी पाहिली. हे अधिक सुरक्षित नाही का? सोयाबीनच्या गोळ्यांविषयीही सांगावे.

उत्तर : नैसर्गिक गोष्टींकडे तुमचा ओढा का आहे हे मी समजू शकतो, पण या जाहिरातींत एक गोष्ट लपवलेली असते. जंगली कंदात डायोस्जेनिन नावाचे द्रव्य असते आणि त्यापासून प्रोजेस्टेरॉन तयार करता येते, हे खरे. रसेल मार्कर या रसायनशास्त्रज्ञाने १९४०च्या दशकात मेक्सिकोतील कंदांपासून ते करून दाखवले. परंतु ती रासायनिक प्रक्रिया प्रयोगशाळेतच होते. मानवी शरीराजवळ डायोस्जेनिनचे प्रोजेस्टेरॉन करण्याची यंत्रणा नाही, म्हणून त्या कंदाचे मलम कितीही चोळले तरी प्रोजेस्टेरॉन मिळत नाही. ज्या मलमांत तयार प्रोजेस्टेरॉन घातलेले असते, तीही त्वचेतून इतकी कमी शोषली जातात, की गर्भाशयाच्या अस्तराचे रक्षण त्यांच्यावर सोपवता येत नाही. एखादी स्त्री इस्ट्रोजेनबरोबर कॅप्सुलीऐवजी असे मलम वापरू लागली, तर ती नकळत १९७५ पूर्वीच्या धोक्यात परत जाते.

शरीरातील हार्मोनशी तंतोतंत जुळणारी औषधे हवी असतील, तर ती प्रमाणित स्वरूपात उपलब्ध आहेत : पॅच आणि जेलमधील इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन, आणि सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉन. ‘खास तुमच्यासाठी’ मिसळून दिलेल्या औषधांची मात्रा प्रत्येक वेळी सारखी असेलच याची हमी नसते, आणि त्वचेखाली बसवल्या जाणाऱ्या हार्मोनच्या बारीक गोळीमुळे, म्हणजे पेलेटमुळे, हार्मोनची पातळी प्रमाणाबाहेर चढू शकते आणि एकदा बसवलेले पेलेट सहज काढता येत नाही. अमेरिकेतील राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या २०२० मधील अहवालानेही या मिश्रणांचा वापर मर्यादित ठेवण्याची शिफारस केली. लाळेच्या तपासणीवरून मात्रा ठरवण्याला शास्त्रीय आधार नाही.

सोयाबीनमधील आयसोफ्लाव्होन या द्रव्याने काही स्त्रियांना थोडा आराम मिळतो, पण चाचण्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. ब्लॅक कोहॉश या वनस्पतीविषयीही पुरावा अपुरा आहे, आणि तिच्या वापरानंतर यकृताला इजा झाल्याची क्वचित उदाहरणे नोंदली गेली आहेत. यकृताचा आजार असेल तर ती टाळा. तोंडाने घेतलेल्या डीएचईए या हार्मोनचा या लक्षणांवर उपयोग होतो असे दिसलेले नाही. हार्मोन नको असतील, तर तो तुमचा अधिकार आहे, पण मग पुराव्यावर उभे असलेले इतर उपाय निवडा; त्यांची माहिती पुढील उत्तरात आहे.

प्रश्न : ४५व्या वर्षी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, टॅमॉक्सिफेन हे हार्मोनविरोधी औषध चालू आहे. वाफांनी जीव नकोसा होतो. अगदी कमी मात्रेत हार्मोन घेतले तर चालतील का?

उत्तर : नाही. स्वीडनमध्ये सुरू झालेली ‘हॅबिट्स’ ही चाचणी नेमका हाच प्रश्न घेऊन उभी राहिली होती, आणि हार्मोन घेणाऱ्या स्त्रियांत कर्करोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण वाढलेले दिसल्याने ती २००३ च्या अखेरीस थांबवावी लागली. याचा अर्थ तुमच्यासाठी काहीच नाही असा मात्र मुळीच नाही. व्हेन्लाफॅक्सिन आणि गॅबापेंटिन या औषधांनी वाफा बऱ्यापैकी कमी होतात. ती मूळची नैराश्य आणि अपस्मार यांवरची असली तरी येथे वेगळ्या कारणाने दिली जातात, म्हणून चिठ्ठीवर ती पाहून दचकू नये. पॅरॉक्सेटिन हे औषध मात्र टाळा, कारण टॅमॉक्सिफेन शरीरात ज्या विकरामुळे कार्यक्षम होते त्याच विकराला ते अडवते. हायपोथॅलॅमसमधील त्या अतिक्रियाशील पेशींवर थेट काम करणारी, हार्मोनविरहित औषधे अलीकडे आली आहेत. फेझोलिनेटंटला अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळाली, ते घेताना यकृताच्या तपासण्या कराव्या लागतात; एलिन्झानेटंटची चाचणी तर तुमच्यासारख्या, स्तनाच्या कर्करोगासाठी हार्मोनविरोधी औषध घेणाऱ्या स्त्रियांवरच झाली आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष आशादायक आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या मानसोपचार पद्धतीने वाफांची संख्या फारशी घटली नाही, तरी त्यांचा जाच आणि झोपमोड कमी होते. तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना हा त्रास सांगा, संकोच करू नका. त्रास असह्य झाला म्हणून टॅमॉक्सिफेन परस्पर बंद करणाऱ्या स्त्रिया आहेत आणि त्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

प्रश्न : मी अनेक वर्षे थायरॉइडची गोळी घेते. इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू केल्यापासून वाफा थांबल्या, पण थकवा आणि बद्धकोष्ठता वाढली. संबंध असेल का?

उत्तर : दाट शक्यता आहे. तोंडाने घेतलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत थायरॉइडचे हार्मोन बांधून ठेवणारे प्रथिन अधिक तयार करते, मोकळे हार्मोन कमी पडते आणि थायरॉइडच्या गोळीची मात्रा वाढवावी लागते. इस्ट्रोजेन सुरू केल्यावर सहा ते बारा आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) तपासून घ्यावे. पॅच किंवा जेलने हा परिणाम होत नाही, तेव्हा डॉक्टर प्रकार बदलूनही देतील. याच सुमारास हाडांसाठी कॅल्शियम किंवा रक्तासाठी लोह सुरू केले असेल, तर ते थायरॉइडच्या गोळीपासून चार तासांच्या अंतराने घ्या.

प्रश्न : हे लिहितानाही संकोच वाटतो. वय ५१, पाळी क्वचित येते. वाफा फारशा नाहीत, पण योनिमार्ग कोरडा पडला आहे, संबंधाच्या वेळी वेदना होतात आणि लघवीची जळजळ वारंवार होते. पतीला मी टाळते आहे असे वाटते. एवढ्यासाठी हार्मोन घ्यावे का?

उत्तर : तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत, कारण हा त्रास असंख्य स्त्रियांना होतो आणि फार थोड्या तो बोलून दाखवतात. वाफा काही वर्षांनी ओसरतात. हा कोरडेपणा उपचाराविना सहसा वाढत जातो, कारण योनिमार्ग आणि मूत्रमार्ग या दोहोंचे अस्तर इस्ट्रोजेनवर अवलंबून असते. येथे संपूर्ण शरीरासाठीच्या हार्मोनची गरज नाही. योनिमार्गात वापरायचे अत्यल्प मात्रेचे इस्ट्रोजेन, मलम किंवा छोट्या गोळीच्या रूपात, सुरुवातीला दोन आठवडे रोज आणि नंतर आठवड्यातून दोनदा वापरतात. ते रक्तात अगदी नगण्य प्रमाणात उतरते, म्हणून त्याच्यासोबत प्रोजेस्टेरॉन लागत नाही आणि ते वर्षानुवर्षे चालू ठेवता येते. परिणाम पूर्णपणे जाणवण्यास दोन-तीन महिने लागतात, आणि लघवीचा वारंवार होणारा संसर्गही त्याने कमी होतो. तोवर संबंधाच्या वेळी पाण्यावर आधारित वंगण आणि एरवी योनिमार्गासाठीचे ओलावा टिकवणारे जेल वापरावे. सुगंधी साबण आणि आतून धुण्याची द्रावणे पूर्ण बंद करावीत. औषध सुरू करण्यापूर्वी लघवीची तपासणी एकदा करून घ्या, म्हणजे जंतुसंसर्ग असल्यास त्यावर आधी उपचार होईल. हे उत्तर जसेच्या तसे पतींना वाचायला द्या, असे मी सुचवेन. टाळण्यामागे वेदना आहे हे त्यांना कळले, की औषध लागू पडेपर्यंतचे दोन-तीन महिने तुम्हा दोघांनाही सोपे जातील.